गाऱ्हाण्याचं गाऱ्हाणं

आमच्या गल्लीतल्या मंडळाचा चिटणीस या नात्याने माझ्यावर आजवर नाना तऱ्हेचे आरोप झाले आहेत. धुवायला दिलेल्या सतरंज्या परत आल्या नाहीत, सहलीच्या बसमध्ये खिडकीची जागा घरच्यांनाच मिळाली, आरतीच्या वेळी लाऊडस्पीकरचा माइक माझ्याच तोंडापुढे होता, हे सगळे आरोप मी हसतमुखाने पचवले. पण गेल्या वार्षिक सभेत एका निवृत्त हेडमास्तरांनी छापील अहवाल डोळ्यांपासून हातभर लांब धरून जो प्रश्न केला, त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

“चिटणीस, पान सात. ‘कोजागिरीच्या भोजनाबद्दल आचार्यांना दिले, रुपये ४,५००.’ हे कोणते आचार्य?”

सभा एकदम शांत झाली. आमच्या सभेत अशी शांतता चहा आल्याशिवाय होत नाही.

“आचार्य अत्रे १९६९ साली गेले,” हेडमास्तर बोटं मोडीत म्हणाले. “आचार्य विनोबा १९८२ साली गेले. मग मंडळाचे साडेचार हजार घेऊन गेले ते आचार्य कोण, एवढं सभेला कळावं.”

मागच्या रांगेतून आवाज आला, “पुढची ओळ बघा की! ‘आचार्यांच्या हाताखाली भांडी घासायला दोन बायका, रुपये ८००.’ आचार्य झालं तरी भांडी खरकटी करतातच व्हय!”

वाचकहो, मी आचाऱ्यांना पैसे दिले होते. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना. टंकताना ‘आचाऱ्यांना’ असंच टंकलं होतं. पडद्यावर तीनदा वाचून पाहिलं, तेव्हाही ‘आचाऱ्यांना’ असंच दिसत होतं. पण त्याची छापायची फाइल तयार करणाऱ्या पॅकेजने वाटेत काहीतरी केलं, आणि आमच्या आचाऱ्यांना एका रात्रीत, कुठल्याही विद्यापीठाची पायरी न चढता, आचार्यपद मिळालं.

त्या दिवशी घरी येऊन अहवाल पहिल्यापासून वाचला. आमची सहल ‘सह्याद्रीच्या दर्या’ तुडवत गेली होती. दऱ्या तुडवता येतात. दर्या म्हणजे समुद्र. अगस्ती ऋषींनंतर समुद्राची इतकी अवहेलना कुणी केली नसेल. व्याख्यानमालेत एका वक्त्यांनी ‘शेतकर्यांच्या’ प्रश्नांवर प्रकाश टाकला होता. आणि कळस म्हणजे, भोजनात ‘पांढर्या रश्शाचा’ बेत होता. कोल्हापुरात राहून पांढऱ्या रश्शाच्या नावात खोट निघणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. एकवेळ रश्शातलं खोबरं कमी पडलं तर चालेल, पण नाव चुकता कामा नये.

आता या अक्षराबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण माझं सगळं भांडण तिथेच आहे. ‘ऱ्या’ मधला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र हिंदीत नाही. मराठीत आहे, कोकणीत आहे, नेपाळीत आहे. दिसायला एवढीशी पापणी, पण मराठीचा अर्धा संसार तिच्यावर चालतो. ती काढली की वाऱ्यावर वरात निघत नाही, नोकऱ्या मिळत नाहीत, वऱ्हाड येत नाही, कुऱ्हाड चालत नाही, आणि आमच्या जिल्ह्यातलं गुऱ्हाळ बंद पडतं. इतकंच काय, ज्याला ‘गाऱ्हाणं’ म्हणतात ते करायचं तर त्यातही पहिल्याच अडखळीला हीच पापणी! म्हणजे फिर्याद लिहायच्या कागदावरच चोराने हात मारावा, तशातला हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या टेबलावर मी हे दुःख मांडलं. कोल्हापुरात कुठलंही दुःख मिसळीच्या टेबलावर मांडतात, कारण तिथे डोळ्यांत पाणी आलं तरी कटाच्या नावावर खपतं. मित्रांनी विचारलं, “सॉफ्टवेअर कुठलं?” मी म्हटलं, “लिनक्सवर चालणारं, ओपन सोर्स.” “किती पैसे पडले?” “काही नाही.”

“मग बरोबर आहे,” एकजण पाव मोडीत म्हणाला, “फुकाटचं ते फुकाटचंच!”

सगळे हसले. प्रश्न मिटला. जादा कट आला.

हा लेख मी त्या वाक्याविरुद्ध लिहीत आहे. या एका वाक्याने आपल्याकडे जेवढी कामं बंद पाडली, तेवढी संपांनीही पाडली नसतील. फुकट मिळालेली वस्तू मोडकी निघाली की आपण खांदे उडवतो, आणि विकत घेतलेली मोडकी निघाली की नशिबाला बोल लावतो. दुरुस्ती या तिसऱ्या मार्गाचा विचार आपल्या मनाला शिवत नाही. शिवाय पैसे मोजले की दोष नसतो, हे कुणी सांगितलं? २०१८ च्या फेब्रुवारीत एका तेलुगू जोडाक्षराने चांगले लाखमोलाचे आयफोन गारद केले होते. ते अक्षर निरोपात आलं की निरोप दाखवणारं ॲपच कोसळायचं. कंपनीने ते दुरुस्त केलं, नाही असं नाही. पण कंपनीला वाटेपर्यंत फोनवाल्याच्या हातात हात चोळण्याखेरीज काही नव्हतं. झाकणाला सील.

ओपन सोर्सचं झाकण उघडं असतं, एवढाच फरक. फुकटपणा हा त्यातला किरकोळ भाग. लग्नातल्या आचाऱ्याने आपली पाककृती मांडवाच्या खांबाला डकवून ठेवावी आणि म्हणावं, “बघा, करा, बदला, शेजाऱ्यालाही द्या,” तसा हा मामला. याची सुरुवातही एका रुसलेल्या छपाई यंत्रापासूनच झाली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ होते. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय त्यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः करून ठेवली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचा, पण त्याचा प्रोग्रॅम झाकलेला. ज्याच्यापाशी मूळ मजकूर होता त्याने द्यायला नकार दिला. हे गृहस्थ असे चिडले की १९८३ साली त्यांनी सगळ्यांना उघडून पाहता येईल अशी अख्खी संगणक प्रणालीच लिहायची घोषणा केली. नाहीतर आम्ही! आमच्याकडे कागद अडकला की प्रिंटरच्या पाठीत एक धपाटा घालतो.

पण हे तरी मी पूर्ण खरं सांगत नाही. कोल्हापूरला झाकण उघडून बघायची विद्या कुणी शिकवायला नको. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा घाट घातला तो याच गावात. आनंदराव मध्येच गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम पुरं केलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. ‘विलायती यंत्र आहे, आपल्याला काय कळणार’ असं ते म्हणाले असते, तर मराठी सिनेमाचा जन्म कुठल्या गावी झाला असता कोण जाणे. आणि आजही आमच्या शिवाजी उद्यमनगरात जा. कुठलंही यंत्र नेऊन टाका. पाना हातात घेतलेला मिस्त्री आधी त्याचं झाकण उडवतो आणि मग तुमचं नाव विचारतो.

तर माझा भाचा पुण्याहून आला होता. संगणकाच्या कंपनीत आहे. माझ्या म्हाताऱ्या संगणकावर लिनक्स चढवून देण्याचं पुण्यकर्म त्याचंच. त्याने अहवाल पाहिला, पोट धरून हसला, आणि म्हणाला, “मामा, बग आहे. रिपोर्ट टाका.”

मला तक्रारअर्ज लिहायचा बत्तीस वर्षांच्या कारकुनीचा अनुभव. बसल्या बैठकीत मी दीड पानी मजकूर तयार केला. ‘महोदय, आपल्या सॉफ्टवेअरने समस्त मराठी भाषकांच्या भावनांना जी ठेच पोहोचली आहे’ अशी सुरुवात होती. मध्ये ज्ञानेश्वर होते. शेवटी ‘सत्वर दखल न घेतल्यास’ होतं. भाच्याने ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, “मामा, यात झालंय काय ते कुठे आहे?”

नव्हतंच. दीड पानात पॅकेजची आवृत्ती नव्हती, काय टंकलं ते नव्हतं, काय उमटलं ते नव्हतं. भावना तेवढ्या होत्या, त्याही सगळ्यांच्या वतीने.

मला एकदम उद्यमनगरातला आमचा जुना मिस्त्री आठवला. माझी स्कूटर त्याच्याकडे ढकलत नेली की मी सांगायचो, “बंद पडते हो सारखी, फार त्रास देते.” तो म्हणायचा, “बंद पडती ते मला बी दिसतंय. काय हुतंय ते सांगू नगा, कवा हुतंय ते सांगा. चढाला? का गार असताना? का पेट्रोल भरल्यावर?” बग रिपोर्टचं सगळं शास्त्र त्या तेलकट माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. मीच टिपून घेतलं नव्हतं.

या शास्त्रातला आद्य नमुना तर पाहण्यासारखा आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन या संगणकात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये पतंग, म्हणजे दिव्यावर येतो तो किडा, अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी नोंदवहीत वेळ लिहिली, पॅनेल कुठलं ते लिहिलं, रिले ७० क्रमांकाचा असं लिहिलं, आणि पुरावा म्हणून खुद्द पतंग चिकटपट्टीने पानावर डकवला. ती वही आजही अमेरिकेतल्या संग्रहालयात आहे. त्यात समस्त भाषकांच्या भावनांचा उल्लेख नाही. आरोपी तेवढा जागेवर हजर आहे.

मग मी आणि भाचा आमचा पतंग पकडायला बसलो. सात पानांचा अहवाल होता, तो निम्मा केला, तरी दोष होताच. पुन्हा निम्मा केला. करता करता शेवटी एकच शब्द उरला: ‘दऱ्या’. तो त्या पॅकेजमध्ये घातला की पलीकडून ‘दर्या’ निघायचा. दहा वेळा घातला, दहाही वेळा निघाला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही अर्जाचं इतकं नियमित उत्तर आलं नव्हतं.

भाच्याने मग खाली उतरून कारण शोधलं. संगणक अक्षराचं चित्र साठवत नाही. तो र, हलन्त, य असे मणी ओवून ठेवतो, आणि कसं दाखवायचं ते फाँट ठरवतो. नुसतं र, हलन्त, य दिलं तर वर रफार चढतो आणि ‘दर्या’ होतो. पापणी हवी असेल तर मध्ये एक अदृश्य मणी घालावा लागतो. त्याचं काम जोडण्याचं आणि त्याची रुंदी शून्य. (“म्हणजे घरात तुमचं जसं,” असं आतून ऐकू आलं. सौ. स्वयंपाकघरात असल्या तरी तांत्रिक चर्चेकडे त्यांचं लक्ष असतं.) आता त्या पॅकेजच्या नव्या आवृत्तीत कुणा सद्‌गृहस्थाने मजकुरातला अदृश्य कचरा झाडून टाकायची सोय केली होती. इकडून तिकडून उचललेल्या मजकुरात असला कचरा खरोखर असतो, हेतू चांगलाच होता. पण घर झाडताना केराबरोबर मंगळसूत्रही उकिरड्यावर गेलं.

रिपोर्ट लिहिला. आठ ओळी. आवृत्ती अमुक, दिलं ते हे, मिळालं ते हे, मिळायला हवं होतं ते हे, आणि कारण बहुधा असं. इंग्रजी भाच्याचं, गाऱ्हाणं माझं. शेवटी मला राहवलं नाही म्हणून एक ओळ मी जोडली: ‘या दोषामुळे आमच्या स्वयंपाक्याला प्राध्यापकाचा दर्जा मिळाला असून त्याने दर वाढवून मागितला आहे.’

आणि मग सरकारी कचेरीत गेल्यासारखं वाटावं, असं सगळं घडलं. ज्यांनी लिनक्सची ही सगळी पॅकेजं एकत्र बांधून दिली होती, ते म्हणाले, हे आमच्या टेबलाचं काम नाही, वरच्या प्रवाहाकडे जा. वरचा प्रवाह म्हणजे ते पॅकेज मुळात लिहिणारा. (उसाचं बिल थकलं की आम्हांला हे संवाद पाठ असतात.) वरच्या प्रवाहाकडे गेलो. आठ दिवस काही नाही, पंधरा दिवस काही नाही. सोळाव्या दिवशी मी पुन्हा ज्ञानेश्वरांना बोलवायच्या बेतात होतो, तेवढ्यात उत्तर आलं.

उत्तर लिहिणारा एका थंड मुलखातला गृहस्थ होता. त्याने आधी उशिराबद्दल माफी मागितली. तो दिवसा नोकरी करायचा, आणि मुलं झोपली की रात्री तास दीड तास या पॅकेजचं काम बघायचा. एकटा. पगार नाही. जगभरचे लोक ते वापरतात आणि लिहितात तेव्हा बहुतेक शिव्याच लिहितात, हे त्याने सांगितलं नाही, पण जुन्या तक्रारी चाळल्या तेव्हा आम्हांलाच दिसलं. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ‘तुमचे दोन्ही शब्द मला सारखेच दिसतात. फरक काय आहे?’

माझा राग तिथे उतरला. त्या माणसाला आपण रात्री जागवून विचारणार की आमची पापणी कुठे गेली, आणि त्याने पापणी जन्मात पाहिलेली नाही! त्याला कळणार कसं? ते सांगणं माझं काम होतं. कोट्यवधी माणसं ही लिपी डोळे मिटून वाचतात. त्यातल्या कुणी सांगायचं नाही, आणि तिकडच्या त्या एकट्याने स्वप्नात दृष्टान्त होऊन दुरुस्त करायचं, ही आपली अपेक्षा!

मी दोन्ही शब्द मोठ्या टायपात शेजारी शेजारी काढून, फरकाभोवती लाल गोल करून पाठवले, आणि समुद्र आणि दरी यांत काय अंतर असतं ते लिहिलं. दोनच दिवसांत त्याचं उत्तर आलं. एका इराणी गृहस्थाने असलीच तक्रार वर्षापूर्वी केली होती, म्हणून त्याने आम्हां दोघांच्या तक्रारी एकत्र बांधल्या. फारसीलाही असा अदृश्य मणी लागतो, जोडायला नव्हे, तोडायला. सिंहली लिपीत तर श्रीलंकेच्या ‘श्री’मधलं जोडाक्षरच त्याच्यावाचून जुळत नाही. म्हणजे कोल्हापूरचा आचारी, इराणचा एक भला माणूस आणि लंकेची श्री हे एकाच केराच्या टोपलीत पडलो होतो, आणि एकमेकांना ओळख नव्हती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. पण राखणदाराने मला एक काम सांगितलं: ‘पुन्हा कुणी हा घोळ घालू नये म्हणून दहा शब्द द्या. दर आवृत्तीला ते तपासले जातील. एक जरी बिघडला तरी आवृत्ती बाहेर पडणार नाही.’ ते दहा शब्द निवडताना माझी जी छाती फुगली, ती चिटणीसपदाच्या निवडणुकीतही फुगली नव्हती. शेतकऱ्यांना, दऱ्या, आचाऱ्यास, वाऱ्यावर, नोकऱ्या, वऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, गाऱ्हाणं आणि पांढऱ्या. ‘पांढऱ्या’च्या पुढे ‘रस्सा’ लिहायचा मोह आवरला. आज त्या थंड मुलखात, ज्यांना मिसळ माहीत नाही अशा यंत्रांवर, प्रत्येक आवृत्तीआधी आमचं गुऱ्हाळ चालतं की नाही ते पाहिलं जातं. जिल्हा परिषदेने तरी इतकं कुठे पाहिलंय!

आता मुद्द्यावर येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, मीही खाल्ले. दर २७ फेब्रुवारीला भाषणं होतात, त्यातली दोन आमच्या मंडळातच होतात आणि हार मीच आणतो. साहित्य संमेलनात ठराव होतात. पण ठरावाला आवृत्ती क्रमांक नसतो, आणि ठराव ज्याच्याकडे पोचायला हवा त्याच्याकडे पोचत नाही. ‘ॲडव्होकेट’ मधला ॲ घ्या. २००८ पर्यंत जगाच्या युनिकोड नावाच्या अक्षरयादीत या ॲ ला स्वतःची जागा नव्हती. अ वर चंद्र ठेवून कशीबशी वेळ मारून नेत होतो. जागा मिळाली ती चंद्राकडे बघून उसासे टाकल्याने नव्हे. तिथे रीतसर प्रस्ताव लागतो, पुरावे लागतात. ते काम ज्यांनी केलं असेल त्यांच्या गळ्यात कुणी हार घातल्याचं माझ्या कानावर नाही.

आणि आमच्या पापणीचंही प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही, बरं का. ती दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकात तो अदृश्य मणी लागतो, दुसऱ्यात खाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरतात. दिसायला दोन्ही जुळी भावंडं, पण संगणकाच्या लेखी वेगळी. एका तऱ्हेने ‘शेतकऱ्यांना’ शोधलं, तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले शेतकरी सापडतीलच असं नाही. शेतकरी कागदावर असूनही शोधल्यावर सापडू नये, हे आपल्याकडे नवं नसलं, तरी यात निदान दोष कुठे आहे ते ठाऊक आहे. म्हणजे दुरुस्त होऊ शकतो.

माझ्या बाजूने सगळं खरंच आहे असं मी म्हणत नाही. भाचा नसता तर मी काय केलं असतं? तक्रारीची भाषा इंग्रजी, परिभाषा परकी, आधी नावनोंदणी करा, मग आधीच्या शेकडो तक्रारी वाचा. मिसळीवाल्या मित्रांना हे जमणारं नाही, आणि ते जमावं अशी अपेक्षा करणं हाही एक प्रकारचा माज आहे. हे मला कबूल. पण म्हणूनच माझं म्हणणं असं, की ज्याला जमतं त्याने न जमणाऱ्यांच्या वतीने केलं पाहिजे. पूर्वी गावात एकाला लिहिता यायचं, तो अख्ख्या आळीची पत्रं लिहायचा. आज घराघरात एक तरी भाचा आहे. कॉलेजात मराठीच्या वर्गात दहा शब्दांची यादी करायला सांगा आणि संगणकाच्या वर्गात ती तपासायला सांगा. दोघांनाही मार्क द्या. मार्क म्हटले की मुलं दऱ्याच काय, दर्याही ओलांडतात.

आणि शिव्यांबद्दलही सांगतो, कारण आपल्याला तो मार्ग सोपा वाटतो. एक्सझेड नावाचं पॅकेज आहे, जगभरच्या लिनक्स यंत्रांत असतं. सांभाळणारा एकटा, थकलेला. काम हळू चालतं म्हणून काही मंडळींनी त्याच्यामागे टुमणं लावलं. त्याच सुमारास एक मदतनीस मोठ्या गोड बोलीने पुढे आला, आणि हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. त्याने आत चोरवाट खणून ठेवली. ती उघडकीस आली २०२४ च्या मार्चमध्ये. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपलं यंत्र दार उघडायला अर्धा सेकंद जास्त घेतंय असं वाटलं, आणि ‘फुकाटचं ते असंच’ न म्हणता तो खोदत गेला. अर्धा सेकंद! आम्ही पासबुक भरून घ्यायला अर्धा दिवस उभे राहतो आणि परतताना क्लार्कला नमस्कार करतो. एकट्या राखणदाराला शिव्या घालून आपण चोराचं काम सोपं करतो, आणि नीट लिहिलेल्या आठ ओळींनी आपलं स्वतःचं.

आमची दुरुस्ती माझ्या यंत्रापर्यंत यायला आणखी पाच महिने लागले. वरच्या प्रवाहातलं पाणी पाटाने येतं, त्याला पाळी असते. तोवर मी टिंबवाला ऱ वापरून वेळ मारून नेली. यंदाचा अहवाल छापून आला तेव्हा आधी पान सात उघडलं. ‘आचाऱ्यांना दिले, रुपये ५,२००.’ पापणी जागच्या जागी. सभेत हेडमास्तरांनी अहवाल हातभर लांब धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “शुद्धलेखन ठीक आहे. पण सातशे रुपये कशाबद्दल वाढवले?”

त्या दुःखात घरी आलो, जेवायला बसलो, आणि पहिल्याच घासाला म्हणालो, “आमटी बिघडलीय आज.”

सौ.नी पळी खाली ठेवली. “काय बिघडलंय ते नीट सांगा. मीठ, तिखट का चिंच? पहिल्या वाटीला का दुसऱ्या? रोज होतंय का आजच? आणि कुणी आधी तक्रार केलीय का, ते बघितलंत?”

मी गप्प राहून आमटी संपवली. माझं गाऱ्हाणं अपुऱ्या माहितीअभावी निकालात निघालं होतं.